समता हौद

आमच्या घरी क्रांती हा शब्द रोजच्या जेवणात असायचा. भाकरी करपली की तात्या, म्हणजे माझे वडील, सांगायचे की बेचाळीस साली आम्ही कच्च्या भाकरी खाऊन क्रांती केली. ताप आला तरी क्रांती, शाळेचा कंटाळा आला तरी क्रांती. लहानपणी मला वाटायचं, ही क्रांती म्हणजे आमच्या भावकीतलीच कोणी आत्याबाई असणार. तिचं सारखं कौतुक चालतं आणि ती कधी घरी येत नाही. तेच कौतुक करत करत तात्या जेवायला बसायचे, आणि आईने पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचा. ठेवायचा राहिला तर ते ओरडत नसत. नुसते थांबत. आई धावत यायची.

तात्या खरोखर जेलमध्ये गेले होते. तारा तोडल्या, पकडले गेले, विसापूरच्या जेलात बरेच महिने काढले. पोलिसाच्या दांडक्याची खूण त्यांच्या पाठीवर होती. लहान असताना मी तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणी म्हणेल की बाप ढोंगी होता आणि लेकीला ते उशिरा कळलं. तसं नव्हतं. माणूस खोटा असता तर माझा राग केव्हाच निवला असता. ते खरे होते, म्हणून पन्नास वर्षांनंतरही मला त्यांचा राग येतो.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, माळरानावरचं. गावात सरपंच होता, सोसायटीचा चेअरमन होता, पण तात्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. बांधाचं भांडण असो की सोयरिकीतला रुसवा, माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आणि पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण तात्यांचंच. त्यातला जेलचा प्रसंग मला पाठ होता. जेलमध्ये सगळ्या जातींचे कैदी एका पंगतीत बसायचे, भाकऱ्या थापणारा आमच्या खालच्या आळीच्याच जातीचा होता, आणि तात्या म्हणायचे, "जात आम्ही जेलच्या दारात सोडली." टाळ्या पडायच्या. सुटून बाहेर येताना ती दारातून परत उचलून आणली, हे भाषणात नसायचं.

खालची आळी ओढ्यापलीकडे. तिथली बरीचशी घरं आजोबा-पणजोबांच्या काळातच ख्रिस्ती झालेली. पत्र्याचं एक लहानसं येशूचं देऊळ होतं आणि घंटेच्या जागी रुळाचा तुकडा टांगलेला. काही घरं अलीकडे बौद्ध झाली होती. गाव मात्र सगळ्यांना जुन्या जातीच्याच नावाने हाक मारायचं. त्यांनी देव बदलला तरी गावाने त्यांची विहीर बदलू दिली नव्हती. ओढ्याच्या काठाला त्यांची एक उथळ विहीर होती, तिच्यावरच त्यांनी भागवायचं.

माझी जिवाभावाची मैत्रीण त्या आळीतली. आम्ही दोघी गावच्या हायस्कुलात अकरावीला होतो. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. वर्गात मुली आम्ही दोघीच, म्हणून बाक एकच, आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे, कारण मुलींना मुलांशेजारी बसवणं त्याहून मोठं संकट होतं. गणितात ती माझ्या फार पुढे होती. मॅट्रिक होऊन नगरला नर्सिंगला जायचं हे तिचं आणि तिच्या आईचं ठरलेलं होतं. वडील लहानपणीच वारलेले. घरात दोघीच.

मग तो दुष्काळ आला. त्याच्याबद्दल सगळ्यांनी इतकं सांगितलं आहे की मी थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी पीक गेलं, दुसऱ्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. लोक रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खायला लागले आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सगळेच गेले. माझ्या दोन्ही चुलत्या, ज्यांनी उंबऱ्याबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या डोक्यावरून पदर ओढून मैत्रिणीच्या आईशेजारी खडी फोडत बसल्या. मुकादम बाहेरगावचा. त्याने पाण्याचा एकच पिंप ठेवला आणि पटत नसेल त्याने घरी जावं असं सांगितलं. कोणी घरी गेलं नाही. सरकारी खडीवर विटाळ होत नाही असा शोध गावाने एका दिवसात लावला. चुलत्या संध्याकाळी येताना ओढ्यात थांबून अंगावर चार थेंब शिंपडत आणि मग घरात येत. ओढ्यात तेव्हा पाणीही नसायचं, डबकं होतं.

पावसाळा कोरडा गेला तशी खालच्या आळीची विहीर आटली. गावची मोठी विहीरही तळाला गेली आणि सरकारचा टँकर सुरू झाला. टँकरवाला लांबचा. पहिल्या दिवशी त्याने वेशीपाशी गाडी उभी केली आणि आले त्यांच्या हंड्यांत नळी धरली. कोणाचा हंडा कुठला हे त्याला काय माहीत? मैत्रीणही हंडा भरून गेली. दुसऱ्या दिवशी गावातले चारजण त्याला भेटले आणि सांगितलं की पाणी सांडतं, भांडणं होतात, तर सगळा टँकर मोठ्या विहिरीत सोड, ज्याचा तो शेंदून घेईल. त्याला काय, सांगतील तिथे ओतणार. त्याने ओतलं.

इथेच सगळी गोम होती. टँकरवर सरकारचं नाव, पाणी सरकारचं, ते सगळ्यांसाठी आलेलं. पण विहिरीच्या काठावरून आत पडलं की ते गावाचं झालं, आणि गावाच्या विहिरीवर खालच्या आळीने पोहरा टाकायचा नाही. त्यांनी काठापासून लांब हंडे मांडून बसायचं. कोणाला दया आली की ती बाई वरून ओतणार. राज्यघटना बैलगाडीच्या रस्त्याने आमच्या गावात आली होती, शाळेच्या भिंतीवर तिची पाटी होती, पण तीही त्या काठापाशी येऊन थांबली.

मैत्रिणीची आई उजाडताच खडीवर जायची, म्हणून पाण्याची वाट बघत बसायचं काम मैत्रिणीचं. सगळी सकाळ त्यातच जायची. ती बीजगणिताचं पुस्तक घेऊन विहिरीवर बसायची. बायका आधी आपलं भरायच्या, मग जावेचं, मग गुरांचं. कोणी ओतायला आली की हिने पुस्तक बाजूला ठेवून हंडा पुढे करायचा. शाळेत पोचायची ती दुसरा तास संपता संपता. नंतर नंतर मधली सुट्टी झाल्यावर. मार्चमध्ये परीक्षा होती. मी तिथे असले की ओतायचे, पण मी ओतते म्हणजे काय उपकार करत होते? मला त्या ओतण्याचीच चीड यायची. एकदा मी तिला म्हणाले, माझा पोहरा घे आणि तूच शेंद. ती म्हणाली, "तुझं काय जातंय? माझ्या आईला उद्या खडीवर यांच्याच बायकांशेजारी बसायचंय."

त्याच दिवसांत इतिहासाच्या सरांनी फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. सर तात्यांचे भक्त. फार रंगून शिकवायचे. राजाचं डोकं उडवलं तेव्हा त्यांनी डस्टरने टेबलावर असा वार केला की खडूची धूळ उडाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द फळ्यावर मोठ्ठे लिहिले आणि म्हणाले की या तीन शब्दांनी जगातली सरकारं बदलली, आपलंही बदललं. मैत्रीण त्या दिवशी नुकतीच येऊन बसली होती, चोळीची बाही अजून ओली होती. तिने हात वर केला आणि विचारलं, "सर, त्यांच्या गावात विहिरी किती होत्या?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि परीक्षेत येणारं तेवढंच विचार म्हणाले. मला हसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात खडू कोंबावासा वाटला.

डिसेंबरात मैत्रिणीची आई आमच्याकडे आली. अंगणात, ओट्याच्या खाली उभी राहिली. हातांना खडीच्या जखमा, त्यांवर चिंध्या बांधलेल्या. तात्या पेपर वाचत होते. तिने गाऱ्हाणं लांबवलं नाही.

"तात्या, पोरीची परीक्षा हाय. हिरीवर आमाला आमचा पोहरा टाकू द्या. तुमी येक शब्द टाका, गाव ऐकतंय तुमचं."

तात्यांनी पेपरची घडी घातली. तिची विचारपूस केली, मुलीच्या हुशारीचं कौतुक केलं आणि बघतो म्हणाले. ती गेल्यावर मी त्यांच्या मागे लागले. चांगली भांडले. जेलमधली पंगत काढली. ते चिडले नाहीत, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सव्वीस जानेवारीला बघशील. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. गावानं काहीतरी करून दाखवलं पाहिजे."

मी ओढा ओलांडून पळत गेले आणि मैत्रिणीला सांगितलं. तिने हंड्यावर बोटांनी ठेका धरला. तिच्या आईने मला गुळाचा खडा दिला. त्या वर्षी गूळ कुठल्या घरात होता? तो तिने कशासाठी ठेवला होता देव जाणे.

जानेवारीत गवंडी आले. मला वाटलं, विहिरीचा काठ नीट करतायत. पण ते विहिरीवर गेलेच नाहीत. ओढ्याच्या अलीकडे, गावाच्या हद्दीच्या शेवटाला त्यांनी पाया खणला आणि विटांचा चौकोनी हौद बांधायला घेतला. टँकर आधी विहिरीत रिकामा होणार आणि उरलेलं पाणी या हौदात सोडणार, अशी योजना. खालच्या आळीने खुशाल स्वतःच्या हाताने घ्यावं, वाट बघायला नको, ओतून मागायला नको. तात्यांनी पंचायतीकडून मंजुरी घेतली होती आणि कमी पडलं ते पदरचं घातलं होतं. हौदाला नाव काय द्यावं असा प्रश्न निघाला तेव्हा इतिहासाच्या सरांना सुचलं. समता हौद. तात्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली.

मी जेवणाच्या ताटावरून उठले. मी म्हणाले, तुम्ही वेगळं पाणी बांधलंत आणि त्याला समता म्हणता?

"क्रांती म्हणजे धसमुसळेपणा नव्हे," तात्या म्हणाले. "माणसं अजून तयार नाहीत. कलानं घ्यावं लागतं. त्यांना पाणी मिळाल्याशी कारण."

मी विचारलं, इंग्रजांच्या वेळी माणसं तयार होईपर्यंत थांबला होतात का? ते डाव्या हाताने तांब्या चाचपू लागले. आईने तो पुढे सरकवला.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा लागला आणि सगळे वाजत गाजत हौदावर गेले. टँकरला झेंडूची माळ. त्या एका दिवशी टँकर आधी हौदावर आला आणि मग विहिरीवर गेला. हौद काठोकाठ भरला. भिंतीवर निळ्या रंगात समता हौद असं लिहिलं होतं, चित्रकलेच्या मास्तरांनी. अक्षर माझं चांगलं म्हणून तात्यांनी आधी मला सांगितलं होतं. मी ब्रशला हात लावला नाही.

तात्यांनी भाषण केलं. जेल आलं, पंगत आली, आचारी आला, दारात सोडलेली जात आली. खालच्या आळीची माणसं ओढ्याच्या बाजूला उभी, गाव गावाच्या बाजूला, मध्ये हौद. तालुक्याहून एक साहेब आले होते, ते मान डोलवत होते. पहिलं पाणी काढायचा मान मैत्रिणीच्या आईला दिला. पंचायतीने नवाकोरा पितळी तांब्या आणला होता. तिने नारळ फोडला, तांब्या हौदात बुडवला, पदराने त्याचं बूड पुसलं आणि गावाच्या बाजूला येऊन तो तात्यांपुढे धरला.

"तात्या, तुमी बांधलाय. आदी तुमी प्या."

तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, आधी नव्हता.

 माझे चुलते तात्यांकडे बघत होते, साहेब बघत होते, सर बघत होते. तात्यांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. मी त्यांच्या अगदी जवळ होते.  मी मनात म्हणत होते, प्या. फक्त एक घोट घ्या, मी जन्मभर तुमची सगळी भाषणं ऐकेन. ज्या माणसाने गोऱ्या सरकारच्या बंदुकीपुढे छाती काढली, त्याला एक घोट जड जायचं कारण नव्हतं.

तात्यांनी चुलत्यांच्या बाजूला नजर टाकली. मग तांब्या कपाळापर्यंत वर उचलला.

"पहिला मान भारतमातेचा," ते मोठ्याने म्हणाले, आणि सगळा तांब्या जमिनीवर ओतला.

लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका. भारतमातेचा जयजयकार झाला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात प्यायला पाणी नव्हतं, बायका वाटीने मोजून पाणी देत होत्या, आणि आमच्या तात्यांनी भरला तांब्या धुळीत ओतला. त्याला लोक देशभक्ती म्हणाले. मातीत ओला डाग दिसला आणि बघता बघता वाळून गेला. मैत्रिणीच्या आईने रिकामा तांब्या परत घेतला.

"जमीन तरी प्याली," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण मी ऐकलं, आणि तात्यांनीही ऐकलं.

त्या हौदाचं पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. टँकर आधी विहिरीत रिकामा व्हायचा. उरलेलं पाणी हौदाला असं ठरलं होतं आणि उरायचं नाही. फेब्रुवारीत हौदाच्या तळाला शेवाळ वाळून पापुद्रे आले. मैत्रीण पुन्हा विहिरीवर हंडा घेऊन बसायला लागली, पण आता बायका ओतायलाही तयार होईनात. तुम्हाला हौद दिलाय की, म्हणायच्या. ती मग ओढ्याच्या वरच्या अंगाला झरे उकरायला जायची, कोसभर. परीक्षेला ती बसली नाही. मार्चमध्ये मी पेपर लिहीत होते तेव्हा ती आईशेजारी खडी फोडत होती. इतिहासाच्या पेपरात फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे विचारली होती. मी ती सगळी लिहिली. त्या विषयात मला चांगले गुण पडले आणि तात्यांनी पेढे वाटले. नर्सिंगला ती कधीच गेली नाही. लग्न होऊन ती राहुरीकडे गेली, कारखान्याच्या कामावर. आमची पुढे एकदाच भेट झाली. तिने मला काही ऐकवलं नाही, मुलांची नावं सांगितली.

सव्वीस जानेवारीची एक गोष्ट राहिली. कार्यक्रम संपला, साहेब गेले, गाव पांगलं. खालच्या आळीच्या बायका हौदावर हंडे भरू लागल्या. मी घरी जाऊन आमचा रोजचा तांब्या घेऊन आले आणि मैत्रिणीपुढे धरला. तिने कशाला म्हणून विचारलं. मी म्हणाले, भर. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि भरून दिला.

घरी आले तर तात्या ओट्यावर टेकून बसले होते. भाषणाने घसा बसला होता, टोपी काढून शेजारी ठेवली होती. आई दारात उभी होती. मी तांब्या त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, रोज आई ठेवते तिथेच. त्यांनी हात लावला.

मी म्हणाले, "हौदाचं आहे."

हात तिथेच राहिला. मला वाटलं, आता इथे तर कोणी नाही. ना भावकी, ना साहेब. घरचीच माणसं. जेलमध्ये प्यायले तसं पितील. त्यांनी हात काढून घेतला आणि ते थांबले, नेहमी थांबत तसे. आईने धावत आत जायचं आणि दुसरा तांब्या आणायचा, असं ते थांबणं होतं. मी आईकडे पाहिलं. आई चौकटीला हात लावून उभी होती. तिने पदर नीट केला, तांब्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि जागची हलली नाही. मी जन्मात तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

 मग तात्या उठले. आईला वळसा घालून आत गेले, रांजणावरचं झाकण स्वतःच्या हाताने काढलं, वाटी बुडवली आणि उभ्या उभ्या प्याले. माझ्या देखत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं. रांजणातलं पाणीही त्याच टँकरचं होतं.